मानेत डायलिसिसची नळी असेल तर एवढं सांभाळा

तात्यांना परमकॅथ, म्हणजे मानेतली डायलिसिसची नळी, बसवलं तेव्हा "ओलं करू नका" एवढंच कुणीतरी सांगितलेलं, बाकी सगळं आम्ही ठेचकाळत शिकलो म्हणून लिहितोय.

नळीचं आतलं टोक पार हृदयापाशी असतंय, म्हणजे टोपणावरचा जंतू थेट रक्तात. त्यामुळं सगळ्यात जपायचं ते टोपण उघडताना. पेशंट आणि सिस्टर दोघांनाही मास्क पाहिजे, पेशंटनं तोंड दुसरीकडं फिरवून गप्प पडायचं, सिस्टरनं हात धुऊन नवे ग्लोव्हज घालायचे आणि टोपण काढल्यावर नळीचं तोंड अँटिसेप्टिकनं घासून वाळू द्यायचं. घाईच्या शिफ्टला हे वाळू देणंच सुटतंय, तेव्हा बिनधास्त विचारा, फारतर सिस्टर डोळे वटारतील. सलाईन लावायला किंवा रक्त काढायला ही नळी वापरू देऊ नका.

आंघोळ कमरेखाली, वर ओल्या फडक्यानं पुसायचं. आमच्या खानापूर साईडला पावसाळ्यात बेळगावला जायचं म्हणजे छत्री असून पण खांदे भिजतात, तेव्हा बाईक नकोच, बसनं जावा. ड्रेसिंग भिजलं किंवा सुटलं तर घरी चिकटपट्ट्या मारत बसू नका, लगेच सेंटरला फोन. आणि हळद, अंगारा काही लावायचं नाही, आमची आत्या पुडी घेऊन आलेलीच, म्हटलं कपाळाला लाव!

आता आमची चूक. मशीन सुरू होऊन अर्धा तास झाला नसेल, तात्यांना हुडहुडी भरली, आम्ही म्हटलं एसी लागला असेल, दोन चादरी घातल्या आणि घरी येईपर्यंत 102 ताप. मशीनवर थंडी वाजली की तेव्हाच सांगायचं, सिस्टर कन्नडवाल्या असतील तर "चळी बंदैत्री" म्हणा, कळतंय. अँटिबायोटिक द्यायच्या आधी ब्लड कल्चर (रक्तात कुठला जंतू आहे ती तपासणी) घेतात, म्हणून मेडिकलमधून आपल्या मनानं गोळ्या आणून खाऊ नका. घरी ताप आला किंवा नळीपाशी लाल झालं, पू दिसला तरी त्याच दिवशी दाखवा, पुढच्या टर्नपर्यंत थांबायचं नाही.

आणि हो, फिश्चुलाचं (ऑपरेशन करून हातातली धमनी आणि शीर जोडतात, मग नळीऐवजी तिथं सुई टोचून डायलिसिस) डॉक्टरांना आजच विचारा, त्यात इन्फेक्शनचा धोका बराच कमी. तो तयार व्हायला दीड-दोन महिने, कधी जास्त पण लागतात, तोवर त्या हाताला सुई नाही, बीपीचा पट्टा नाही. तो नीट चालायला लागला की नळी काढायची तारीख मागून घ्या, "असू दे राखीव" म्हणून ठेवू नका.