पंपावर आणि पार्किंगमध्ये या चुका टाळा

धुळे-जळगाव रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर सुपरवायझर म्हणून उभं राहिलं की मोपेडपासून ट्रेलरपर्यंत सगळं डोळ्यांसमोरून जातं. सुरत-नागपूर महामार्ग असल्यामुळे गुजरातचे, छत्तीसगडचे ट्रक असतात, आणि त्यांच्यातच गावातली स्कूटर, कापसाची ट्रॉली, एसटी, लग्नाची क्रूझर. भांडणं मात्र तीच ती. बहुतेकांच्या मुळाशी एकच गोष्ट सापडते. आपली गाडी जशी वळते, थांबते, मागे येते तशीच समोरच्याचीही येत असेल, असं माणूस धरून चालतो. घाईतल्या नवशिक्याला तर समोरच्याच्या गाडीकडे बघायलाही सवड नसते.

निघायच्या तोंडातून आत घुसणं

सगळ्यात जास्त त्रास देणारी चूक ही. पंपाला आत यायचं तोंड वेगळं आणि बाहेर पडायचं वेगळं. जमिनीवर बाण रंगवलेले असतात, पाटीही असते. तरी पन्नास पावलांचा वळसा वाचवायला लोक उलट्या बाजूने शिरतात. मोटारसायकल असली तर निभावून जातं. कार शिरली आणि समोरून मोठं वाहन निघत असलं की सगळंच अडतं.

मी आधी शहाद्याकडच्या एका पंपावर होतो तेव्हाची गोष्ट. गळिताचा हंगाम सुरू होता. ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या मागे लावून एक ट्रॅक्टरवाला डिझेल भरून बाहेर निघत होता. त्याचं तोंड रस्त्याला लागलं आणि नेमकी तेव्हाच एक कार उलट्या बाजूने आत शिरली. चालवणारा विशीतला मुलगा. त्याने हॉर्न दाबून धरला आणि काच खाली करून हाताने खूण केली, मागे घे. ट्रॅक्टरवाला उतरून जवळ गेला आणि शांतपणे म्हणाला, "मांगे जात नही भाऊ, दोन ट्रॉल्या शेतस." (दोन ट्रॉल्या आहेत.) मुलाला ते पटेना. माझी गाडी आत आली आहे, तू थोडी जागा कर, हेच त्याचं चाललं होतं.

एका ट्रॉलीचा ट्रॅक्टर मागे घेतानासुद्धा स्टेअरिंग उलटं फिरवावं लागतं. दुसरी ट्रॉली जोडली की पहिली डावीकडे वळते तेव्हा दुसरी उजवीकडे निघते, आणि हातभर मागे गेल्यावर मधे घडी पडते. कितीही तयारीचा माणूस असो, भरलेली जोडट्रॉली पंपाच्या आवारात मागे नेता येत नाही. पण भांडण वाढायला लागलं म्हणून त्या बिचाऱ्याने प्रयत्न केला. मागची ट्रॉली तिरपी झाली आणि तिचा कोपरा डिझेलच्या मशीनसमोरच्या लोखंडी पाइपाला जाऊन टेकला. उसाचा भारा कलला. मी आणि दोघं पोरं ओरडलो, तेव्हा ट्रॅक्टर थांबला.

मग मागची ट्रॉली सोडवावी लागली. ताण असताना हूकची पिन निघत नाही. चाकांना दगड लावले, पहार घालून दांडा सैल केला, हातोडीने पिन खालून वर ठोकली. दुसरा ट्रॅक्टर बोलावून ती ट्रॉली मागे ओढली. तोवर कारच्या मागे पाच-सहा वाहनं येऊन चिकटली होती. त्या मुलाला सुरुवातीला मागे जायला वीस फूट रस्ता मोकळा होता. आता त्यालाही हलता येईना.

मागे कोणी जायचं, याचा माझा नियम साधा आहे. ज्याला मागे जाणं सोपं, त्याने जायचं. चूक कोणाची ते नंतर बोलता येतं. पंपात वळण्याआधी मी आत कोण निघतंय ते बघतो. ट्रेलर किंवा जोडट्रॉली तोंडाशी असली तर डाव्या कडेला इंडिकेटर लावून थांबतो. ट्रेलर वळताना त्याच्या आतल्या बाजूला कधीही उभं राहू नका. पुढची चाकं मोठा वळसा घेतात, मागची आत कापत येतात. तिथे स्कूटर उभी असली तर उंच केबिनमधल्या ड्रायव्हरला ती दिसतही नाही.

ट्रकवाला जागचा हलत नाही म्हणून मागून हॉर्न वाजवणाऱ्यांनाही सांगतो. एअर ब्रेकच्या गाडीत हवेचा दाब भरल्याशिवाय ब्रेक सुटत नाही. उस्ताद मीटरकडे बघत बसलाय म्हणजे तो वेळ काढतोय असं समजू नका.

तेल भरून झालं तरी मशीनसमोरच उभं राहणं

ही चूक छोटी दिसते, पण रांग खरी हिच्यामुळे लांबते. पेट्रोल भरायला मिनिटभर लागतो. त्यानंतर झाकण लावणं, चावी काढणं, पाकीट मागच्या खिशात घालणं, रुमाल बांधणं, मागे बसणाऱ्यांना बसवणं, पिशवी हुकाला अडकवणं, हे सगळं मशीनसमोरच चालतं. बऱ्याच स्कूटरची टाकी सीटखाली असते. नंबर आल्यावर सीट उघडली जाते आणि खालून मेथीच्या जुड्या, रेनकोट, मुलाचं दप्तर निघतं. ते सगळं काढायचं, तेल भरायचं, पुन्हा कोंबायचं, आणि सीट बसत नाही म्हणून परत लावायचं.

माझी स्वतःची सवय सांगतो. रांगेत असतानाच उतरायचं, सीट किंवा झाकण मोकळं करायचं, किती रुपयांचं ते आधी सांगायचं, मशीनवर शून्य बघायचं. भरून झालं की इंजिन चालू न करता गाडी दहा पावलं पुढे ढकलायची आणि बाकीचं तिकडे करायचं. मोबाईलने पैसे देणाऱ्यांनी तर हे करायलाच हवं. रेंज गेली, पैसे अडकले, तर ते पुढे कडेला उभं राहून निस्तरा. नोझलजवळ फोन काढणं तसंही चूक आहे, तिथे पेट्रोलची वाफ असते.

ट्रकवाल्यांचंही तसंच. ३००-४०० लिटरची टाकी भरायला वेळ लागणारच, तो कोणी नाकारत नाही. पण उधारीच्या चिठ्ठीवर सही करायला ऑफिसात जाताना क्लीनरला सांगून गाडी पुढे घ्यायला लावा.

सावलीसाठी पंपाचं छत अडवणं

वैशाखात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो. रस्त्याला मैलभर झाड नाही, मग माणूस छताखाली थांबणारच. पाणी प्या, तोंड धुवा, पंपावर पाण्याची सोय त्यासाठीच असते. पण गाडी बाहेर लावून माणसांनी सावलीत या. अवकाळी पाऊस आला की तर वीस-पंचवीस मोटारसायकली एकदम आत येतात आणि डिझेलच्या मशीनपर्यंत वाट उरत नाही. चैत्रात वणीच्या सप्तशृंगी गडाला पायी जाणाऱ्या मंडळींबरोबरचा पिकअप थांबतो, त्याला मी नेहमी जागा करून देतो, कोपरा झाडून देतो. फक्त शेगडी पेटवू नका. चहा आम्ही मागवून देऊ.

कापूस भरलेली ट्रॉली घेऊन छताखाली कधीच येऊ नका. बाहेर मोकळ्या जागेत ट्रॉली सोडा आणि नुसता ट्रॅक्टर आत आणा. सायलेन्सरची एक ठिणगी आणि सुटा कापूस यांची गाठ पंपावर पडायला नको.

चुकीचं तेल

एकच मॉडेल पेट्रोलमध्येही येतं आणि डिझेलमध्येही. मेहुण्याची गाडी लग्नाला घेऊन आलेला माणूस काही बोलत नाही, पोरगा अंदाजाने नोझल घालतो. तेल कोणतं ते तोंडाने सांगा, आणि पोऱ्याने ते परत उच्चारलेलं ऐका. चूक झालीच तर गाडीला चावी लावू नका. ढकलून बाजूला घ्या आणि टाकी रिकामी करून घ्या. डिझेलच्या गाडीत पेट्रोल गेलं तर जास्त वाईट, कारण गाडीतल्या इंधन पंपाला डिझेलच वंगण देत असतं.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) ट्रकना डिझेलशिवाय डीईएफही लागतं. ते युरियाचं पाणी असतं आणि त्याची टाकी वेगळी, झाकण निळं. रात्री तीनला झोपेतून उठलेल्या क्लीनरकडून ते डिझेलच्या टाकीत ओतलं जातं. तेव्हाही हेच, चावी नको. इंजिन सुरू केलं की ते पुढे लाइनमध्ये जातं आणि खर्च कितीतरी वाढतो. झाकण ड्रायव्हरने स्वतः उतरून बघावं, हे माझं प्रत्येक उस्तादाला सांगणं असतं.

थोडक्यात सांगण्यासारख्या

टाकी भरत आली की नोझल आपोआप बंद होतं, त्या ऑटो कटनंतर "अजून थोडं टाक" म्हणू नका. जमिनीखालच्या टाकीतलं पेट्रोल थंड असतं, उन्हात ते फुगतं. १० लिटर पेट्रोल १५ अंशांनी तापलं तर साधारण १४० मिली जास्त जागा घेतं, आणि गळ्यापर्यंत भरलेल्या टाकीत ती जागा नसते.

१०० ऐवजी ११० चं भरलं की माप बरोबर मिळतं, ही समजूत सोडून द्या. शंका असेल तर पाच लिटरचं माप मागा, ते प्रत्येक पंपावर ठेवावंच लागतं. पाच लिटरला २५ मिलीपर्यंतचा फरक चालतो. मात्र रांग कमी असताना मागा, म्हणजे नीट बघताही येईल.

फवारणीच्या पंपासाठी पाण्याच्या बाटलीत पेट्रोल मागू नका. शेतकऱ्याची अडचण मला कळते, मीही शेतकऱ्याच्याच घरातला. धातूचा, घट्ट झाकणाचा कॅन आणा आणि तो पिकअपमध्ये ठेवून भरू नका, जमिनीवर ठेवा.

सीएनजी भरताना रिक्षातल्या सगळ्यांनी उतरायचं, म्हातारी माणसं असली तरी हात धरून उतरवायचं. तिथे २०० बारच्या आसपास दाब असतो. सिलिंडरची तपासणी दर तीन वर्षांनी.

टाकी कोणत्या बाजूला ते काट्याजवळच्या छोट्या बाणावरून कळतं. मशीनसमोर आल्यावर गाडी फिरवू नका.

"दोन मिनिटमा येस"

आता पार्किंग. "दोन मिनिटांत येतो" म्हणून गेलेला माणूस दोन मिनिटांत आलेला मी पाहिलेला नाही.

मे महिन्यात सावदा-रावेरकडून केळी भरून उत्तरेकडे निघालेला ट्रक ढाब्याच्या आवारात रेडिएटरमध्ये पाणी टाकायला थांबला. तेवढ्यात एक कार त्याच्या तोंडासमोर आडवी लागली आणि घरचे सगळे आत जेवायला गेले. हँडब्रेक ओढलेला, गिअर टाकलेला, काचेवर नंबर नाही. आम्ही शेजारच्या पंपावरून माईकवर गाडीचा नंबर पुकारला, ढाब्यावर टेबलाटेबलाशी जाऊन विचारलं. ते एसीच्या खोलीत बसले होते, तिथे आवाज पोहोचत नव्हता. ट्रकचा ड्रायव्हर सारखा ताडपत्री उचलून आत हात घालत होता. गाडी चालू असली की केळीला वारा लागतो, उभी राहिली की आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि माल वाटेतच पिकायला लागतो. तो पुढच्या मंडीत भाव पाडून द्यावा लागतो. शेवभाजी संपवून ती मंडळी बाहेर आली तेव्हा त्याने एक शब्द सुनावला नाही, नुसता गाडीत चढला. मला मात्र राहवलं नाही. मी त्या कारवाल्या दादांना ताडपत्रीखाली हात घालून बघायला लावलं.

डॅशबोर्डवर मोबाईल नंबरची जाड अक्षरातली चिठ्ठी ठेवा. मी माझ्या गाडीत पुठ्ठ्यावर लिहून कायमची ठेवली आहे. आणि मोठ्या वाहनाजवळ लावताना त्याच्या पुढे निदान एका ट्रकच्या लांबीएवढी जागा सोडा.

मोटारसायकलवाल्यांच्या दोन सवयी मला फार खटकतात. पहिली, गर्दीच्या बाजारात हँडल लॉक करून आडवी लावणं. जळगावच्या गोलाणी मार्केटला किंवा धुळ्याच्या आग्रा रोडला गेलात तर बघा, एक आडवी गाडी पाच जणांना अडवते. सरळ लावा, म्हणजे कोणाची वाट अडणार नाही.

दुसरी, उन्हाळ्यात डांबरावर साइड स्टँडवर लावून निघून जाणं. दुपारी डांबर मऊ होतं, स्टँड हळूहळू आत जातो, गाडी कलते आणि शेजारच्या सहा घेऊन पडते. मेन स्टँड लावा. ज्या गाडीला मेन स्टँडच नाही त्यांनी स्टँडखाली चपटा दगड किंवा फरशीचा तुकडा ठेवावा. डिकीत एक तुकडा ठेवला की वर्षभर पुरतो, पावसाळ्यात काळ्या मातीतही कामाला येतो.

रात्री कडेला उभी केलेली ट्रॉली हा शेवटचा मुद्दा, पण याला मी कुणाचंही ऐकत नाही. मागे दिवा नाही, रेडियम नाही, आणि ट्रॅक्टर सोडून माणूस गावात गेलेला. पारोळा-एरंडोलच्या पट्ट्यात रात्री येणाऱ्या कारवाल्याला ती शेवटच्या क्षणी दिसते. रेडियमची पट्टी स्वस्त मिळते. ट्रॉलीच्या मागच्या फळीवर दोन्ही टोकांना, आणि फळी उघडी टाकत असाल तर चेसिसच्या दांड्यावरही चिकटवा. ट्रॉली बिघडली असेल तर पंपावर आणून लावा. आमच्याकडे मागच्या भिंतीशी त्यासाठी जागा मोकळी ठेवलेली असते, आणि रात्रभर तिथला दिवा सुरू असतो.