फँटसी ट्रिलॉजी प्रकाशकाला द्यायची की स्वतः काढायची?

मराठीत फँटसी लिहिणाऱ्या नवीन मंडळींचा हा प्रश्न हमखास असतो, त्यामुळे एकदाच सविस्तर लिहून टाकतो. माझी तीन भागांची मालिका आहे. पहिला भाग प्रकाशकाने काढला, दुसरा मी स्वतः काढला, म्हणजे दोन्हीकडचं पाणी पिऊन झालंय.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. सामाजिक कादंबरी एकदा छापली की ती तिथे संपते, पण आपण एक आख्खं जग उभं करतो आणि वाचक त्या जगात तीन-चार पुस्तकं राहणार असतो, म्हणून पहिला भाग कोण छापणार यापेक्षा तिसरा भाग येईल तेव्हा पहिल्याचे हक्क कोणाकडे असतील हा प्रश्न आधी विचारायचा. मी तो विचारला नव्हता.

झालं असं की पहिल्या भागाचा करार दोन पानी होता, आनंदात मी सही ठोकली, मुदतीची जागा रिकामीच होती. ५०० प्रती दोन वर्षांत संपल्या, पुढची आवृत्ती निघाली नाही, दुसऱ्या भागाबद्दल विचारलं की 'पुढच्या वर्षी बघू'. शेवटी दुसरा भाग मी पदरचे पैसे घालून काढला आणि एका पुस्तक प्रदर्शनात स्टॉल घेतला. कॉलेजमधली एक मुलगी आली, मलपृष्ठ दोनदा वाचलं, नकाशाचं पान उघडून बराच वेळ बघत बसली, मग म्हणाली, 'दादा, पहिला भाग कुठाय?' नव्हता ना माझ्याकडे. तिने पुस्तक अगदी हळू, जसं होतं तसं परत ठेवलं. त्या चार दिवसांत असं कितीदा झालं ते मोजायचं मी सोडून दिलं.

नंतर एका वकील मित्राने सांगितलं की १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ मध्ये स्पष्ट आहे, करारात मुदत लिहिलेली नसेल तर हक्क ५ वर्षांसाठीच दिले असं धरतात, आणि कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारतासाठी. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर मी रीतसर पत्र दिलं आणि हक्क परत घेतले. पण तुम्ही त्या कलमावर विसंबू नका, करारातच लिहून घ्या: मुदत किती, साठा संपल्यावर किती महिन्यांत नवी आवृत्ती नाही काढली तर हक्क परत, ई-बुक आणि ऑडिओ वेगळे, आणि पुढच्या भागांवर कसलंही बंधन नाही. यातला शेवटचा मुद्दा फँटसीवाल्यांनी अजिबात सोडायचा नाही, बाकी कशात तडजोड करा.

आता पैसे. आपली पुस्तकं जाड असतात हे विसरू नका. १,२०,००० शब्द, पानाला साधारण २८० धरले तर ४३० च्या आसपास पानं, म्हणजे १६ पानी २७ फॉर्म (छपाईत एकावेळी १६ पानं छापतात, तो एक फॉर्म). समजा किंमत ५०० ठेवली. प्रकाशकाकडून छापील किमतीवर १० टक्के रॉयल्टी मिळाली तर प्रतीमागे ५० रुपये, ५०० प्रतींचे २५,०००, खिशातून शून्य खर्च. (रॉयल्टी छापील किमतीवर की कमिशन वजा जाता ते विचारा, ४० टक्के कमिशन गेलं तर त्या ५० चे ३० होतात.) स्वतः काढलं आणि वितरकाला ४५ टक्के दिले तर हातात २७५, छपाई समजा १६०, उरले ११५. डीटीपी (संगणकावर पानं लावणं), मुखपृष्ठ, संपादन, प्रुफं मिळून ६०,००० गेले असतील तर ५२२ प्रती विकल्यावर तुम्ही फक्त बरोबरीत येता, म्हणजे आख्खी ५०० ची आवृत्ती संपूनही थोडा तोटाच! तेच पुस्तक २० टक्के सवलतीत थेट वाचकाला ४०० ला दिलंत तर प्रतीमागे २४० सुटतात आणि २५० प्रतींत खर्च वसूल, कुरियर वेगळं. म्हणून माझं स्पष्ट मत, थेट पुस्तक घेणारे अडीचशे-तीनशे लोक तुमच्याकडे असतील तरच छापील पुस्तक स्वतः काढा. नसतील तर आधी ते जमवा, प्रतिलिपीवर (कथा ऑनलाइन लिहायचं-वाचायचं अ‍ॅप) लिहा, दिवाळी अंकांना त्याच जगातली एखादी कथा पाठवा, त्याला वर्ष-दोन वर्षं लागतात आणि ती घालवावीत.

इंग्रजीत पौराणिक फँटसी लिहिणाऱ्या अमीश त्रिपाठींचं उदाहरण सगळे देतात, की प्रकाशकांनी नाकारल्यावर २०१० मध्ये एजंटच्या मदतीने पुस्तक स्वतःच बाजारात आणलं आणि नंतर वेस्टलँड या प्रकाशनसंस्थेने घेतलं. खरं आहे, पण त्यांनी पहिलं प्रकरण वेगळं छापून दुकानांतून फुकट वाटलं होतं, आणि पुस्तक इंग्रजीत होतं, देशभरची दुकानं उघडी होती. अमेरिकन फँटसी लेखक ब्रँडन सँडरसननी २०२२ मध्ये किकस्टार्टरवर (वाचकांकडून आगाऊ पैसे जमवायची वेबसाइट) ४ कोटी डॉलर्सच्या वर जमवले, ते प्रकाशकाकडून पहिली कादंबरी आल्यावर सतरा वर्षांनी. दोघांकडून शिकायचं ते हे की वाचक आधी.

ई-बुकचं सोपं आहे, केडीपीवर (अ‍ॅमेझॉनची किंडल ई-बुक काढायची सोय) मराठी चालतं, फक्त भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी हवी असेल तर केडीपी सिलेक्ट या त्यांच्या योजनेत जावं लागतं आणि मग ९० दिवस ते ई-बुक दुसरीकडे कुठेच ठेवता येत नाही, प्रतिलिपीवरसुद्धा नाही. जी कंपनी 'पॅकेज' सांगून तुमच्याकडून पैसे मागते आणि वर हक्कही लिहून घेते तिच्या वाटेला जाऊ नका, पैसे तुमचे असतील तर हक्क तुमचेच राहिले पाहिजेत.

कुठलाही रस्ता धरा, नावांची वही करा. माझ्या एका शहराचं नाव कुरिण. प्रुफं वाचणाऱ्या काकांनी नियमाने, शेवटचं अक्षर अकारान्त म्हणून आधीची वेलांटी दीर्घ, असं सगळीकडे कुरीण केलं, नकाशात मात्र ऱ्हस्वच राहिलं, आणि वाचक विचारायला लागले की ही दोन शहरं आहेत का. काकांची चूक नव्हती, मी यादीच दिली नव्हती. आणि डीटीपीवाल्याकडून पीडीएफसोबत ओपन फाइल (जिच्यात बदल करता येतात ती) आणि युनिकोडमधला (कुठल्याही संगणकावर चालणारा) मजकूर दोन्ही घ्या. माझी जुनी फाइल श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये होती, युनिकोडमध्ये आणताना 'दऱ्या', 'ऱ्हास' वगैरे शब्दांतला र पार मोडला आणि मी एकेक शब्द शोधत तीन आठवडे बसलो.

स्वतः काढणार असाल तर आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीकडून ऑनलाइन अर्ज करून फुकट मिळतो, लेखकालाही मिळतो, कोणाला त्याचे पैसे देऊ नका. छापील आणि ई-बुकला वेगवेगळे घ्या. पुस्तक आलं की ३० दिवसांत कोलकात्याच्या नॅशनल लायब्ररीला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते, १९५४ च्या कायद्याने, तेव्हा छापतानाच या चार प्रती बाजूला काढून ठेवा.