लीड्समध्ये कुणी 'लव्ह' म्हणालं तर

पोरींनो, नर्सिंगच्या नोकरीसाठी इंग्लंडात, यॉर्कशायरमधल्या लीड्सला येताय, तर आयल्ट्सच्या इंग्रजी परीक्षेत कुणी विचारत नाही ते आधी ऐका. इथे बसचा ड्रायव्हर, दुकानातली बाई, वॉर्डातले ऐंशीचे आजोबा, सगळे तुम्हाला 'लव्ह' म्हणणार. अवघडून जाऊ नका. आपली भाजीवाली 'घे गं बाय' म्हणते, तेवढंच ते. इथले जुने पुरुष तर एकमेकांनाही म्हणतात.

शब्द कुठे आला तिकडे कान ठेवा. शेवटी हलकेच आला, 'थँक्यू, लव्ह', तर हसून पुढे व्हा. 'लुक, लव्ह' असा सुरुवातीलाच जोर पडला, तर समोरच्याचा धीर संपत आलाय. हातातलं ठेवून नीट ऐका. 'ऑलराइट, लव्ह?' ही तब्येतीची चौकशी नाही, आपणही 'ऑलराइट' म्हटलं की झालं. 'आय'ड लव्ह अ ब्रू' म्हणजे चहा हवाय. आणि 'आय'ड लव्ह टू, बट...' म्हणजे नाही. ड्यूटी बदलून मागितल्यावर हे ऐकलंत तर दुसरीला विचारा.

पेशंटला मात्र तुम्ही 'लव्ह' म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे. पहिल्या भेटीत आपलं नाव सांगा आणि त्यांना काय म्हणायचं ते विचारा. कुणाला नुसतं नाव आवडतं, कुणाला आडनावच हवं असतं. कळलं की हँडओव्हरमध्ये पुढच्या नर्सलाही सांगा. केट ग्रेंजर यॉर्कशायरमधलीच डॉक्टर. कॅन्सरने स्वतः खाटेवर असताना तिला दिसलं की कितीतरी जण नावही न सांगता उपचार करतात. २०१३ मध्ये तिने 'हॅलो, माय नेम इज' ही मोहीम सुरू केली. २०१६ मध्ये ती गेली, पण ते शब्द लिहिलेले बिल्ले तुम्हाला दिसतील. लावा, अभिमानाने लावा.

'डिअर' तर आणखी जपून. २०११ मध्ये पंतप्रधान कॅमरन संसदेत एका महिला खासदाराला 'काम डाउन, डिअर' (शांत हो गं) म्हणाले आणि केवढा गदारोळ झाला!

बदली झाली तर शब्द बदलेल: डर्बी-नॉटिंगहॅमला 'डक', न्यूकॅसलला 'पेट', ग्लासगोत बायकांना 'हेन'. ब्रिस्टलकडचं 'माय लव्हर'सुद्धा तितकंच साधं.

पण 'लव्ह'बरोबर कुणाचा हात अंगाला लागला, तर ती इथली रीत नव्हे. त्याच दिवशी वॉर्डच्या सिस्टरला, म्हणजे तिथल्या प्रमुख नर्सला, सांगा आणि लेखी नोंद करायला लावा.