तीव्र दिव्यांग मुलाचा घरी सांभाळ : शासकीय साहाय्यासाठी अर्ज कसा करावा

महाराष्ट्रात तीव्र दिव्यांग मुलाला घरी सांभाळणाऱ्या पालकांसाठीचे साहाय्य एकाच कार्यालयात मिळत नाही. सर्वांना लागणारा कागद मात्र एकच आहे, तो म्हणजे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि त्यासोबतचे यूडीआयडी कार्ड (दिव्यांग व्यक्तीचे विशिष्ट ओळखपत्र). म्हणून पहिला अर्ज केंद्र शासनाच्या स्वावलंबन संकेतस्थळावर त्यासाठीच करावा.

प्रमाणपत्रासाठीच्या वैद्यकीय तपासणीला जाण्यापूर्वी पंधरा दिवस एक वही ठेवावी. भरवायला किती वेळ लागतो, रात्री किती वेळा कूस बदलून द्यावी लागते, फिट केव्हा आली, हे त्याच दिवशी लिहावे. बौद्धिक दिव्यांगत्वाच्या मूल्यमापनात मूल स्वतःचे काय करू शकते हे पालकांनाच विचारले जाते, आणि वर्षानुवर्षांच्या कष्टांची सवय झालेली आई अशा वेळी "करतो आम्ही जमेल तसं" एवढेच बोलून गप्प बसते. त्या संकोचाची किंमत मुलाला मोजावी लागते. प्रमाणपत्रावरील दिव्यांगत्वाची टक्केवारी 40 च्या खाली गेली, तर बहुतेक योजनांचे दार बंद होते. ती 80 किंवा अधिक असेल, तर आयकराच्या जुन्या प्रणालीत पालकांना 75 हजारांऐवजी 1 लाख 25 हजार रुपयांची वजावट मिळते. प्रमाणपत्र तात्पुरते असल्यास त्याची मुदत आधी पाहून ठेवावी.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करावा. दिव्यांगांसाठी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 50 हजार रुपये असून ऑक्टोबर 2025 पासून अनुदान दरमहा 2,500 रुपये आहे. रक्कम थेट खात्यात येत असल्याने आधार, पासबुक आणि प्रमाणपत्र यांवरील नाव अक्षरशः एकसारखे असावे. ग्रामपंचायत व महापालिका यांनाही 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवावा लागतो. तेथे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुदिव्यांगत्व असल्यास नॅशनल ट्रस्ट या केंद्र शासनाच्या संस्थेच्या निरामय आरोग्य विम्यात 1 लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. त्यासाठी वैद्यकीय पूर्वतपासणी लागत नाही, आणि थेरपीचा खर्चही त्यात धरला जातो.

अशा मुलाला अठरावे वर्ष लागले की कायदेशीर पालकत्वाची तयारी सुरू करावी. तो अर्ज नॅशनल ट्रस्टच्या 1999 च्या कायद्यानुसार जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे करायचा असतो.