व्हॅनच्या खिडकीचे जुने भाग घेण्यापूर्वी जुळणी कशी तपासावी

राजापूर, लांजा किंवा कुडाळच्या बाजूला व्हॅनच्या खिडकीचा जुना भाग हवा असेल, तर तो बहुधा कोल्हापूरहून किंवा मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारातून मागवावा लागतो. आलेला भाग बसला नाही, तर परत पाठवण्याचे भाडे आपल्यालाच पडते आणि काच असेल तर ती वाटेत फुटण्याची धास्तीही असते. म्हणून जुळणीची खात्री पैसे देण्याआधीच करून घ्यावी.

केवळ गाडीचे नाव सांगून भागत नाही. १९८४ मध्ये ‘मारुती व्हॅन’ म्हणून रस्त्यावर आलेल्या ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. एवढ्या काळात तिच्यात वेळोवेळी बदल झाले आणि प्रवासी, मालवाहू, रुग्णवाहिका असे तिचे प्रकारही निघाले. त्यामुळे आरसीवरील उत्पादनाचा महिना व वर्ष, चासी नंबर आणि गाडीचा प्रकार ही माहिती विक्रेत्याला लिहूनच पाठवावी. जुन्या भागावर पार्ट नंबर छापलेला असेल तर त्याचा फोटो घ्यावा. एखादा आकडा जरी वेगळा असला, तरी कंपनीच्या सुट्या भागांच्या काउंटरवर विचारून मगच पुढे जावे. बाजू सांगताना ‘डावी-उजवी’ न म्हणता ‘ड्रायव्हरची बाजू’ किंवा ‘क्लीनरची बाजू’ असे म्हणावे, कारण गाडीसमोर उभ्या असलेल्या माणसाची डावी बाजू ही आत बसलेल्याची उजवी असते.

सर्वांत जास्त काळजी काचेबाबत घ्यावी लागते. दाराची काच टफन केलेली, म्हणजे तापवून झटकन थंड करून कणखर बनवलेली असते. ती नंतर कापता येत नाही की तिला भोक पाडता येत नाही, त्यामुळे ‘थोडी घासून बसवू’ हे आश्वासन मान्य करू नये. मूळ काच शाबूत असेल तर तिचा आकार पुठ्ठ्यावर उतरवून घ्यावा, खालच्या कडेची भोके आणि क्लिपांच्या जागा त्यावर अचूक दाखवाव्यात आणि जाडी व्हर्नियर कॅलिपरने मोजावी. काचेचा चुरा झाला असेल, तर दुसऱ्या बाजूच्या त्याच दाराची काच काढून तिचा पुठ्ठा उलटा करून वापरता येतो, कारण समोरासमोरच्या दारांच्या काचा सहसा एकमेकींच्या आरशातील प्रतिमेसारख्या असतात. मात्र पुठ्ठ्यावर काचेचा बाक उमटत नाही. त्यासाठी काचेच्या आतल्या बाजूला वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत सरळ पट्टी धरावी, मध्यभागी पट्टी आणि काच यांच्यात किती मिलिमीटर फट राहते ते मोजावे आणि विक्रेत्याकडूनही तसेच माप मागवावे. बाक वेगळा असलेली काच चॅनलमध्ये, म्हणजे ती सरकते त्या खाचेत, शिरते, पण वर-खाली करताना अडकते.

काचेच्या कोपऱ्यातील छापाकडेही लक्ष द्यावे. तेथे काचेचा प्रकार, आयएसआय चिन्ह आणि आयएस २५५३ या मानकाचा क्रमांक दिसायला हवा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० नुसार बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के आणि पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. म्हणून गडद काच फुकट मिळाली तरी घेऊ नये. कडेला टवका उडालेली टफन काच पुढे अचानक फुटू शकते, तीही नकोच. मागची काच घेताना वायपरचे भोक आणि गरम होणाऱ्या तारा आपल्या गाडीशी जुळतात का, ते पाहावे.

सरकती खिडकी चौकटीसह घ्यायची असल्यास पत्र्यातील खाचेची लांबी-रुंदी, कोपऱ्यांची गोलाई आणि पत्रा व आतील अस्तर यांची एकूण जाडी अशी तिन्ही मापे द्यावीत. शाळेच्या गाड्यांना किंवा रुग्णवाहिकांना अशा खिडक्या बऱ्याचदा कंपनीऐवजी बाहेरच्या गॅरेजमध्ये बसवलेल्या असतात आणि तेथे पार्ट नंबर उपयोगी पडत नाही.

काच वर-खाली करणाऱ्या मशीनमध्ये बोल्टांच्या भोकांमधील अंतर, हँडलच्या दांड्यावरील दाते आणि पॉवर विंडो असल्यास सॉकेटमधील पिनांची संख्या व मांडणी जुळावी लागते. आपल्या किनाऱ्यावर एवढ्याने काम होत नाही. खाऱ्या हवेने मशीनची तार गंजते आणि पिनांवर हिरवट थर चढतो. शिवाय जुलै २०२१ मधील चिपळूणच्या पुरासारख्या पाण्यात राहिलेल्या गाडीची मोटर आज फिरली तरी आत गाळ असू शकतो. म्हणून मोटर १२ व्होल्टच्या बॅटरीवर दोन्ही दिशांना चालवल्याचा व्हिडिओ मागवावा. रबर आणि बीडिंग (काचेच्या कडेची पट्टी) मात्र नवेच घ्यावे. कडक झालेल्या रबरातून पहिल्याच पावसात पाणी दारात उतरते.

काचेवर दुसऱ्या गाडीचा नंबर कोरलेला दिसला, तर ती गाडी मोडीत काढल्याची कागदपत्रे पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये. बिलावर गाडीचे मॉडेल, वर्ष, बाजू आणि भाग न बसल्यास किती दिवसांत परत घेणार, हे सारे लिहून घ्यावे.