बुकेतलं ते अनोळखी फूल ओळखायचं कसं

आधी ती एक काडी बुकेतून बाहेर काढा, कारण सगळ्यांचा एकत्र फोटो दिला की गुगल लेन्स नुसता गुलाबच दाखवत बसतो, माझं दोनदा झालंय. पांढऱ्या कागदावर ठेवून फूल, पान, देठ असे वेगवेगळे फोटो घ्या. मग हात लावून बघा! परवा एक जांभळं फूल चुरचुर वाजलं, अगदी पतंगाच्या कागदासारखं, आणि देठाला लांबट हिरव्या पट्ट्या, पंखांसारख्या, म्हणजे स्टॅटिस. गंमत म्हणजे ते जांभळं खरं तर निदलपुंज, म्हणजे फुलाचं बाहेरचं आवरण, खऱ्या पाकळ्या म्हणजे आतला पांढरा ठिपका. नुसती पानंच असतील तर चुरगाळून वास घ्या, निलगिरी लगेच कळते. चीक निघाला तर मात्र हात धुवा आधी. तरी अडलंच तर सरळ फुलवाल्याला विचारा.