थंडीत जुनी फियाट चालू कशी करावी आणि किती गरम होऊ द्यावी

डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा एक आकडी होतो आणि कार्बोरेटरच्या (म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या) जुन्या गाड्या सकाळी नुसतं घर्र घर्र करत बसतात. आमची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जुनी फियाटच, त्यातलीच. बहुतेक वेळा गाडीत बिघाड नसतो. गारठ्यात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, ऑइल घट्ट झालेलं असतं आणि बॅटरीचा जोर उतरलेला असतो. गरम इंजिनाला एक भाग पेट्रोलला वजनाने साधारण 15 भाग हवा पुरते. गार इंजिनाला पेट्रोल याहून बरंच जास्त लागतं, आणि ते देण्याचं काम चोकचं.

आधी एकदा आपला चोक कोणत्या जातीचा आहे ते बघून ठेवा. एअर फिल्टर काढा, घरातल्या कुणाला तरी चोक ओढायला सांगा आणि कार्बोरेटरच्या तोंडात डोकवा. वरची झडप मिटली, तर चोक झडपेचा. काहीच मिटलं नाही आणि बाजूची छोटी दांडी तेवढी फिरली, तर ती सोलेक्स या कंपनीच्या कार्बोरेटरची वेगळी स्टार्टर रचना. हा फरक महत्त्वाचा आहे. झडपेच्या चोकला सेल्फ मारण्याआधी रेस एक-दोनदा दाबून सोडायची. स्टार्टरवाल्याला मात्र रेसला पाय लावायचाच नाही. रेस दाबली की आतली ओढ कमी होते आणि जास्तीचं पेट्रोल येतच नाही. माझी कितीतरी सकाळची खटपट केवळ हे माहीत नसल्यामुळे झाली.

आता सुरुवात करू. गाडी चार-सहा दिवस उभी असेल तर कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून गेलेलं असतं. पेट्रोल पंपाला हाताने दाबायची दांडी असेल तर ती दहा-पंधरा वेळा दाबा. बॅटरीचा तेवढा त्रास वाचतो. गाडी न्यूट्रलला ठेवून चोक पूर्ण ओढा आणि क्लच तळापर्यंत दाबा. क्लच दाबला की गिअरबॉक्समधलं घट्ट ऑइल घुसळायचं ओझं सेल्फवर राहत नाही. सेल्फ पाच-सात सेकंद मारा. नाही उचलली, तर अर्धा मिनिट थांबा. सलग सेल्फ मारत राहिलात तर बॅटरीही बसेल आणि सेल्फची मोटरही तापेल.

पेट्रोलचा उग्र वास आला म्हणजे प्लग भिजले. मग चोक आत ढकला, रेस पूर्ण दाबून धरा, मध्ये सोडू नका, आणि सेल्फ मारा. हवा आत जाऊन प्लग सुकतात. तरीही नाही जमलं तर प्लग काढून पुसा आणि डिस्ट्रिब्युटरचे (प्लगांना ठिणगीचा करंट वाटणाऱ्या भागाचे) पॉइंट बघा, काळे किंवा खड्डे पडलेले असतील.

गाडी चालू झाली की रेस करू नका. ऑइल वरपर्यंत पोचायला काही क्षण लागतात. ऑइलचा दिवा विझू द्या, चोक हळूहळू अर्ध्यावर आणा, मिनिटभर थांबा आणि निघा. पहिले दोन-तीन किलोमीटर हलक्या पायाने चालवा. गाडी झटके न देता ओढायला लागली की चोक पूर्ण आत. बंद गॅरेजमध्ये मात्र इंजिन चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो.

मी पूर्वी चोक ओढून गाडी पंधरा-वीस मिनिटं उभीच चालू ठेवायचो, चहा होईपर्यंत. काळजी घेतोय असं वाटायचं. एके दिवशी डिपस्टिक काढून ऑइल बोटांत चोळलं तर ते पातळ, आणि वास पेट्रोलचा. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरत होतं. पिस्टन, रिंगा सगळं त्याने झिजतं. ऑइल त्याच दिवशी बदललं.

आपल्या भागातली आणखी एक गोष्ट. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून मिस्त्री थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकतात. मग थंडीत पाणी पहिल्यापासून रेडिएटरमधून फिरतं, इंजिन गरमच होत नाही आणि चोक आत ढकलला की गाडी बंद पडते. गाडी तापत असेल तर रेडिएटर साफ करून घ्या, पण थर्मोस्टॅट जागेवर असू द्या. माझ्या गाडीत तो परत बसवल्यापासून सकाळी हुरड्याला शेताकडे निघालं की गावाबाहेर पडेपर्यंत तापमानाचा काटा वर आलेला असतो आणि चोक आत गेलेला असतो.